टांकसाळीची चूक की नंतर बिघडलेलं नाणं? नवख्यांनी ओळखायचं कसं

नाणी बारकाईने बघायला लागलं की सुरुवातीला प्रत्येकच नाण्यात काहीतरी वेगळं दिसतं. एखादं अक्षर डबल वाटतं, कुठे कडेचा तुकडाच नसतो, कुठे मधूनच एक रेघ गेलेली असते, आणि ऑनलाइन शोधलं की कुणीतरी तसलंच नाणं दाखवून हे फार दुर्मिळ आहे म्हणून सांगत असतं. पण अशी बरीचशी नाणी टांकसाळीतून अगदी नीट बाहेर पडलेली असतात, त्यांची वाट लागली ती नंतर. कुणी ठोकलं, कुणी घासलं, कुणी ॲसिडमध्ये टाकलं, आणि काही तर मुद्दाम फसवायला बनवलेली असतात. नवीन माणूस इथेच पैसे घालवतो आणि मग छंदच सोडून देतो, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण थोडी पद्धत समजून घेतली तर बहुतेक नाण्यांचा निकाल घरबसल्या पाच मिनिटांत लागतो.

प्रत्येक नाण्याला एकच प्रश्न विचारायचा. जे वेगळं दिसतंय ते नाणं छापणाऱ्या प्रेसचा फटका बसायच्या आधी झालं, फटका बसताना झालं, की त्यानंतर? आधी किंवा फटक्याच्या वेळी झालं असेल तर एरर, नंतर झालं असेल तर डॅमेज. पुढच्या सगळ्या पायऱ्या म्हणजे याच प्रश्नाचं उत्तर काढायचे वेगवेगळे मार्ग आहेत.

पायरी १: नाणं बनतं कसं ते आधी समजून घ्या

हे टाळून पुढे जाऊ नका, कारण ही प्रोसेस डोक्यात बसली की अर्ध्या नाण्यांचं उत्तर आपोआप मिळतं. धातूच्या लांब पट्ट्यातून गोल चकत्या पंच करतात, त्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुतात, मग कड उचलायच्या मशीनमधून फिरवतात म्हणजे काठाला थोडी उंची येते. मग ती चकती प्रेसमध्ये जाते, खाली एक डाय (डिझाइन उलटं कोरलेला पोलादी ठसा), वर एक डाय आणि भोवती गोल कॉलर, म्हणजे कडं. फटका बसला की धातू दबून पसरतो, डायवर जिथे खोलगट कोरलंय तिथे वर चढतो आणि बाहेरच्या बाजूला कॉलरला जाऊन भिडतो. कॉलरला आतून दाते असतील तर नाण्याच्या काठावर दाते उमटतात. छापा, काटा आणि काठ, बहुतेक नाण्यांत हे तिन्ही एकाच फटक्यात तयार होतं, हे पक्कं लक्षात ठेवा, पुढे फार कामाला येतं.

म्हणजे चूक व्हायला तीनच जागा आहेत, चकतीत, डायमध्ये नाहीतर फटक्यात. नाण्यावर जे दिसतंय ते या तिन्हीपैकी कुठेच बसत नसेल तर ते टांकसाळीत झालेलं नाही, मग ते कितीही भारी दिसो.

पायरी २: सामान

भिंग ५ ते १० पटीचं पुरे, त्याहून मोठ्यात नवखा माणूस धातूचे साधे कण बघून गोंधळतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, व्यास मोजायला डिजिटल कॅलिपर, एक छोटं लोहचुंबक आणि हलवता येईल असा दिवा. आणि या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्याच प्रकारचं, शक्यतो त्याच वर्षाचं एक नॉर्मल नाणं शेजारी ठेवायला. नॉर्मल कसं दिसतं तेच माहीत नसेल तर वेगळं काय ते कळणार तरी कसं. नाण्याचं ठरलेलं वजन, व्यास आणि धातू ही माहिती टांकसाळी स्वतःच जाहीर करतात, ती आधी काढून कागदावर लिहून ठेवा.

नाणं काठाला धरून उचला आणि कृपा करून साफ करू नका, साबण नाही, लिंबू नाही, पॉलिश तर अजिबातच नाही. साफ केलं की त्याच्या पृष्ठभागावरचा पुरावाच जातो, आणि नंतर खरा एरर निघाला तरी त्याची किंमत पडलेली असते.

पायरी ३: उठलेलं आहे की खोल गेलंय?

दिवा बाजूने, अगदी तिरका पाडा आणि नाणं हळूहळू फिरवा. संशयाची जागा वर उठलेली आहे की आत गेलेली ते बघा. डायला तडा गेला की फटक्याच्या वेळी धातू त्या तड्यात शिरतो, म्हणून डाय क्रॅक नाण्यावर कायम उठलेल्या रेघेसारखा दिसतो. ओरखडा मात्र आत गेलेला असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना धातू सरकून बारीक धार उभी राहिलेली असते. नाणं बनल्यावर त्यावर नवीन धातू उगवून आणणं अवघड आहे, खोदणं मात्र कुणालाही जमतं, म्हणून उठलेली खूण दिसली तर पुढे बघत राहा आणि खोल गेलेली दिसली तर आधी डॅमेज धरूनच चाला.

डायच्या काठाचा तुकडाच पडला तर नाण्यावर त्या जागी गुळगुळीत फुगवटा येतो, त्याला इंग्रजीत ‘कड’ (cud) म्हणतात, आपल्या काठ या अर्थाच्या कडेशी त्याचा संबंध नाही. इथे नाणं उलटून बरोबर मागची जागा बघायला विसरू नका, धातू एका बाजूला मोकळ्या जागेत गेलेला असतो त्यामुळे मागच्या बाजूची अक्षरं बऱ्याचदा पुसट उमटलेली सापडतात. कुणी वरून सोल्डरिंग करून धातूचा थेंब चिकटवला असेल तर मागची बाजू ठणठणीत असते, थेंबाचा रंग वेगळा असतो आणि थेंबाच्या कडेला मूळ अक्षर त्याच्याखाली शिरताना दिसतं.

या नियमाला अपवाद आहेत. डाय आणि चकतीच्या मधे ग्रीस, कापडाचा धागा किंवा तारेचा तुकडा आला तर खोल खूण उमटते आणि ती खरी एरर असते, पण तिचा तळ गुळगुळीत असतो, कडेला धातू खरवडून वर आलेला नसतो, आणि कापड असेल तर विणसुद्धा स्पष्ट दिसते. दुसरीकडे, उठलेलं प्रत्येक काही डायमुळे आलेलं नसतं. अमेरिकेचे एक सेंट १९८२ पासून जस्ताचे आणि वरून तांब्याचा पातळ थर दिलेले आहेत, त्या थराखाली वायू अडकून बारीक फुगे येतात आणि लोक त्यालाच डाय क्रॅक नाहीतर जास्तीचं अक्षर समजून बसतात.

अक्षर किंवा आकडा गायब असेल तर जे नाही ते शोधत बसण्यापेक्षा ते जिथे असायला हवं होतं ती जागा बघा. डायमध्ये ग्रीस भरल्यामुळे अक्षर उमटलं नसेल तर ती जागा बाकीच्या पृष्ठभागासारखीच असते, कधी अक्षराची अंधुक सावली राहिलेली असते. कानशीने किंवा पॉलिश पेपरने काढलं असेल तर भिंगातून समांतर ओरखडे दिसतात आणि जागा किंचित खोलगट लागते. अमेरिकेचं १९३७ चं तीन पायांच्या रानबैलाचं (बायसनचं) पाच सेंटचं नाणं याचं मस्त उदाहरण आहे. डेन्व्हरच्या टांकसाळीत डाय जास्त घासली गेली आणि बैलाच्या पुढच्या पायांपैकी एक उडाला. हे नाणं प्रसिद्ध झाल्यावर लोकांनी साध्या नाण्यावरचा पाय खरवडून नकला केल्या, पण खऱ्या नाण्यावर बैलाच्या पोटाखालून जमिनीकडे जाणारी बारीक उठलेल्या ठिपक्यांची एक ओळ असते, ती डायमधूनच आलेली आहे. पाय खरवडता येतो, ते ठिपके उभे करता येत नाहीत.

पायरी ४: चमक आणि झीज

नवीन नाण्यावर फटक्याच्या वेळी धातू वाहिल्यामुळे एक वेगळी चमक येते, दिव्याखाली नाणं फिरवलं की ती चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरते. खऱ्या एररच्या जागेतून ही चमक न तुटता जाते. नंतर घासलं, ठोकलं, तापवलं की त्या जागी ती मरते किंवा वेगळीच भडक दिसते.

वापरून झिजलेल्या नाण्यावर चमक नसते, तिथे झीज बघायची. सगळं नाणं गुळगुळीत झालंय आणि तुमची एररची जागा तेवढी धारदार आणि कोरी आहे, असं होऊच शकत नाही, दोन्ही एकाच वेळी जन्मले असतील तर दोन्ही सारखेच झिजले पाहिजेत. ही तपासणी अगदी साधी आहे आणि लोक नेमकी हीच विसरतात.

पायरी ५: वजन, माप, चुंबक

नाणं पातळ वाटतंय, अक्षरं विरघळल्यासारखी दिसतायत, वजन कमी येतंय आणि व्यासही कमी, तर ते बहुधा ॲसिडमधून निघालेलं आहे. पातळ पट्ट्यातून कापलेल्या चकतीचं नाणंही हलकं असतं, पण त्याचा व्यास बरोबर येतो कारण ते कॉलरमध्ये बनलंय. तांब्याच्या गाभ्यावर दोन्ही बाजूंनी पांढऱ्या धातूचा थर दिलेल्या नाण्याची एक बाजू तांबूस दिसली की लोक थर गायब म्हणून उड्या मारतात, तेव्हा वजन करा. अमेरिकेच्या क्वार्टरमध्ये (पाव डॉलरच्या नाण्यात) एका बाजूचा थर जाडीच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढा असतो, म्हणजे ५.६७ ग्रॅमचं नाणं चांगलंच हलकं भरायला हवं. वजन पूर्ण भरलं तर तो मातीचा, ओलीचा किंवा उष्णतेचा डाग आहे, विषय संपला.

चुंबकाच्या बाबतीत १९४३ चा अमेरिकन सेंट माहीत असायलाच हवा. युद्धासाठी तांबं वाचवायचं म्हणून त्या वर्षी सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या स्टीलचे काढले, वजन साधारण २.७ ग्रॅम, आणि चुकून शिल्लक राहिलेल्या ब्रॉन्झच्या काही चकत्यांवर तोच छाप बसला, त्यांचं वजन ३.११ ग्रॅम. मग काय, लोकांनी स्टीलच्या सेंटवर तांब्याचा मुलामा चढवून विकायला सुरुवात केली. ते चुंबकाला चिकटतात, म्हणजे लगेच पकडले जातात. पण दुसरी नक्कल जास्त चलाख आहे, १९४८ चा ब्रॉन्झचा सेंट घेऊन ८ डावीकडून कापून त्याचा ३ करतात, तो चुंबकाला चिकटत नाही आणि वजनातही पास होतो. तिथे भिंग घेऊन ३ बघायचा, खऱ्या १९४३ मध्ये ३ ची खालची शेपटी लांब, बाकी आकड्यांच्या खाली उतरलेली असते, ८ कापून केलेल्या ३ ला ती येत नाही. म्हणून एकच टेस्ट पास झाली की हुरळून जाऊ नका, सगळ्या करा.

पायरी ६: डबल दिसणारी अक्षरं

इथे जरा थांबू, कारण नवख्यांचे सगळ्यात जास्त गैरसमज याच्यात होतात. डाय बनवताना हब नावाचा एक मास्टर ठसा डायच्या पोलादात दाबतात. पूर्वी एका दाबात पूर्ण खोली येत नसे म्हणून डाय परत तापवून मऊ करायची आणि पुन्हा दाबायची, आणि दुसऱ्या वेळेला हब किंचित फिरून बसला तर डायवरच दोन प्रतिमा कोरल्या जायच्या. हा खरा डबल डाय. चूक डायमध्ये आहे त्यामुळे त्या डायने काढलेल्या प्रत्येक नाण्यावर तीच डबल प्रतिमा त्याच जागी येते. अमेरिकेचा १९५५ चा सेंट यातला सगळ्यात गाजलेला, त्यावरची तारीख आणि अक्षरं नुसत्या डोळ्यांनी डबल दिसतात.

आता तुमच्या हातात जे येतं ते बहुतेक वेळा मशीन डबलिंग असतं. प्रेसमध्ये डाय थोडी ढिली असते, फटका झाल्याबरोबर ती जागेवर हलते आणि नुकतंच तयार झालेलं अक्षर एका बाजूला दाबून सरकवते. हेही टांकसाळीतच होतं, म्हणजे डॅमेज नाही, पण डाय चांगली आहे आणि हा प्रकार ढीगभर सापडतो, म्हणून संग्राहक त्याला डबल डाय म्हणत नाहीत आणि जास्तीचे पैसेही देत नाहीत.

फरक भिंगाखाली असा दिसतो. एखादं अक्षर घ्या ज्याला खाली पाय आहे, रोमन टी घेऊ. खऱ्या डबल डायमध्ये टी नॉर्मलपेक्षा जाड दिसतो, दोन्ही प्रतिमा वर उठलेल्या आणि गोलसर असतात आणि पायाच्या कोपऱ्यांना स्पष्ट खाच पडून दोन टोकं वेगळी होतात. मशीन डबलिंगमध्ये टीच्या एका बाजूला सपाट, चकचकीत पायरी दिसते, ती मूळ अक्षरापेक्षा खाली असते आणि अक्षराचाच धातू खाऊन झालेली असल्याने मूळ अक्षर बारीक झालेलं असतं. अक्षर जाड झालं की बारीक झालं, एवढं जरी शेजारच्या नॉर्मल नाण्याशी ताडून बघितलं तरी बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

तिसरा प्रकार झिजलेल्या डायचा. डाय खूप चालली की अक्षरांच्या कडा फुगून काठाच्या दिशेने पसरतात आणि भुरकट सावलीसारखं डबल दिसतं. १९५५ च्याच काही सेंटवर फक्त शेवटचा ५ डबल दिसतो, तो असा झिजलेल्या डायमुळे, त्या प्रसिद्ध डबल डायशी त्याचा संबंध नाही. आणि फोनच्या फोटोवरून तर निर्णय घेऊच नका, चकचकीत नाण्यावर लाइटचं प्रतिबिंब पडून नसलेलं डबलिंग दिसतं, दिव्याची दिशा बदलली की ते हलतं किंवा गायब होतं.

पायरी ७: कापलेल्या कडा आणि फटक्यातल्या चुका

चकत्या पंच करताना पट्टा नीट पुढे सरकला नाही तर पंच आधीच्या भोकावर चढतो आणि चकतीला चंद्रकोरीसारखा गोल चावा बसतो. याची हमखास खूण म्हणजे चाव्याच्या बरोबर समोरच्या बाजूला नाण्याचा काठ पुसट किंवा सपाट असतो, कारण कड उचलायच्या मशीनमध्ये एका बाजूला चकतीच नसल्यामुळे समोरच्या बाजूलाही दाब मिळत नाही. याला ब्लेकस्ली इफेक्ट म्हणतात. शिवाय चाव्याजवळची अक्षरं त्या दिशेने ओढल्यासारखी, पसरत पुसट होत जातात. पत्रा कापायच्या कात्रीने किंवा कानशीने केलेल्या नकलेत समोरचा काठ पूर्ण असतो आणि अक्षरं कडक धारेवर एकदम तुटतात. काही खऱ्या नाण्यांवर हा समोरचा पुसटपणा कमी दिसतो, पण तो ठळक असेल तर नाणं खरं असायची शक्यता खूपच वाढते.

छाप एका बाजूला सरकलेला असेल तर नाणं कॉलरच्या बाहेर बनलेलं असतं, म्हणजे काठाला दाते नसतात किंवा अर्धवट असतात, गोलाई बिघडलेली असते आणि छाप नसलेला भाग मूळ चकतीसारखा कोरा असतो. हातोड्याने ठोकून मोठं केलेलं नाणं पण रुंद आणि पातळ होतं, पण त्यात अक्षरंच चेपलेली असतात, खऱ्यात अक्षरं शाबूत असतात.

एका नाण्यावर दुसऱ्या नाण्याची उलटी, खोल प्रतिमा दिसली तर दोन शक्यता. आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं आणि पुढच्या चकतीवर त्याचाच ठसा बसला, हे ब्रॉकेज, खरी एरर. नाहीतर कुणीतरी दोन नाणी एकत्र वाइसमध्ये, म्हणजे शिकंजात, आवळली. पूर्ण ब्रॉकेजमध्ये त्या बाजूची डाय झाकली गेलेली असते म्हणून त्या बाजूचं स्वतःचं डिझाइन अजिबात नसतं आणि मागची बाजू छान उमटलेली असते. वाइसमधल्या नाण्यावर मूळ डिझाइन चेपलेल्या अवस्थेत खाली दिसत राहतं आणि मागची बाजूही दबलेली असते.

पायरी ८: दोन धातूंची नाणी

बाहेर रिंग आणि आत वेगळ्या धातूचा गाभा असलेल्या नाण्यांत फसवणूक बरीच होते, कारण गाभा दाबून बाहेर काढता येतो आणि फिरवून परत बसवता येतो. इथे एकच फटका हा मुद्दा कामाला येतो. रिंग आणि गाभा प्रेसमध्ये एकत्र जातात आणि एकाच डायने एकाच वेळी छापले जातात, त्यामुळे रिंगवरचं डिझाइन सरळ आणि गाभ्यावरचं तिरकं असं टांकसाळीत होणं शक्यच नाही, तसं नाणं दिसलं की कुणीतरी छेडलंय हे नक्की. खऱ्या एररमध्ये गाभा सरकलेला असला तरी छाप मात्र सांध्यावरून सलग गेलेला असतो, म्हणजे एखादी रेघ किंवा अक्षर अर्धं एका धातूवर आणि अर्धं दुसऱ्यावर, पण रांगेत. सांध्याजवळ ओरखडे, दाबल्याच्या खुणा किंवा फट आहे का तेही बघा.

पायरी ९: रोज दिसणारे डॅमेजचे प्रकार

हे पटकन. काठ गुंडाळल्यासारखा आत वळलाय आणि अक्षरं काठाला चिकटून चेपलीत, तर नाणं कपड्यांच्या ड्रायरमध्ये अडकून बराच काळ आपटत राहिलेलं आहे. काठाजवळ अर्धवर्तुळाकार खोल रेघ, ती नाण्यांचे रोल बांधायच्या मशीनची. दोन्ही बाजूंना छापा असलेलं नाणं बहुतेक वेळा जादूच्या प्रयोगाचं असतं, लेथवर एक नाणं पोकळ करून दुसरं त्यात बसवलेलं, काठाच्या आतल्या बाजूला भिंगाने सांधा सापडतो, वजन जुळत नाही आणि टेबलावर टाकलं तर आवाज बद्द येतो.

पायरी १०: पुढे काय

इतकं करून नाणं टिकलं तर दोन्ही बाजूंचे आणि काठाचे फोटो काढा, दिव्याच्या दोन वेगळ्या दिशांनी, वजन आणि व्यास लिहून ठेवा, आणि अनुभवी संग्राहकाला दाखवताना हे काय आहे सांगण्याऐवजी काय दिसतंय ते सांगा, उत्तर जास्त प्रामाणिक मिळतं. पीसीजीएस, एनजीसी, एएनएसीएस अशा सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्या एरर नाणी तपासून सीलबंद करून देतात, पण त्याला फी लागते, म्हणून आधी वरच्या सगळ्या पायऱ्या झाल्याशिवाय पाठवू नका. विकत घेताना विक्रेता काठाचा फोटो किंवा वजन द्यायला टाळाटाळ करत असेल तर ते नाणं सोडून द्या.

आणि तोपर्यंत नाणं मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून निघणारा हिरवट चिकट थर धातूला खातो. मायलारचं (पॉलिएस्टर फिल्मचं) पाकीट किंवा कडक प्लॅस्टिकची कॅप्सूल घ्या, आणि आत एका चिठ्ठीवर वजन आणि तपासल्याची तारीख टाका.